साहेब पावरी शिकले

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — कसं सांगावं, ते अजून नीट जुळलेलं नाही.

तसा मी सुखी माणूस. डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या आदिवासी पाड्यातला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. शेतकीची पदवी घेतली, सरकारी नोकरी लागली, सायकल आली. त्याचा अभिमान होता, आजही आहे. का नसावा? शाळेत मास्तरांनी आडनाव वेगळंच लावलं होतं, त्यामुळे मी कुठला हे कुणी विचारत नसे. आणि मीही — सांगत नसे.

एकोणीसशे साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. सारंगखेड्याजवळ गोविंदभाईंनी तंबाखू लावली होती. शेंडे खुडायला मोलगीकडची माणसं आणली. दवाने ओली तंबाखू उघड्या हातांनी खुडली की रस अंगात भिनतो, चक्कर येते, उलट्या होतात. हे मजुरांना समजावणं माझं काम. मी बांधावर उभा राहिलो आणि पुस्तकी मराठीत बोललो — ‘दव सुकल्यावाचून पानांस स्पर्श करू नये. भोजनापूर्वी हस्त स्वच्छ धुवावेत.’ हस्त! ती माणसं पावरी बोलणारी. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मुकादम उखाने त्यांना पावरीत सांगितलं. काय सांगितलं? ‘साहेब म्हणतो, ऊन चढायच्या आत उरका. पानं फाडाल तर उद्या येऊ नका.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “सांगी दिधं साहेब, समदं समजनं त्यासले.”

मला शब्द न् शब्द कळला होता. माझ्या आईची बोली ती. एक वाक्य बोलायचं होतं — एकच. पण शेजारी गोविंदभाई. त्यांनी मला खुर्ची दिली होती, कपबशीतून चहा दिला होता. मी पावरी बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी चहा कशातून आला असता? मी मान डोलावली. नोंदवहीत मजुरांचे अंगठे घेतले आणि वर लिहिलं, ‘समज दिली’.

तिसऱ्या सकाळी रुमली नावाची बाई उलट्या करत बांधावर कोसळली. अंगावरचं पोर रडत होतं, तिला ते उचलवेना. उखा हसला, “दारू चढनी व्हई!” ती दारू नव्हती, हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं. बोललो का? नाही. दोन दिवसांनी ती उठली — माझ्यामुळे नव्हे.

पुढच्या हंगामात तीच टोळी आली. एव्हाना माझी नोकरी कायम झाली होती. मी उखाला बाजूला केलं आणि पावरीत सांगितलं — दव सुकू द्या, हातांना फडकी बांधा, खायच्या आधी हात धुवा. सगळे थक्क. रुमलीनेच विचारलं, “सायेब, तुला आमची बोली कुठून आली?”

किती सोपं होतं उत्तर!

“शिकलो,” मी म्हणालो. “तुमच्यासाठी शिकलो.”

तुमच्यासाठी — हे तर तिने विचारलंही नव्हतं. गोविंदभाईंनी पाठ थोपटली, कचेरीत कौतुक झालं, नोकरीभर माझी तीच ओळख राहिली. मला ती आवडायची. अजूनही कुणी आठवण काढली की बरं वाटतं.

त्याच दुपारी रुमलीने हात धुतले, मला दाखवले, आणि फडक्यातली अर्धी भाकर मोडून माझ्यापुढे धरली. मी खाल्ली. सगळी खाल्ली.