माझ्या कोपराएवढा काउंटर

काउंटर उंच झाला तो माझ्यामुळे, आणि दोष मी सुतारावर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून बंगळूरला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. कोरमंगलातल्या एका तिकीट बुकिंगच्या ऑफिसात मी मॅनेजर होतो. मालक, मी आणि तिकिटं लिहिणारी अक्का, एवढाच आमचा पसारा. अक्का निपाणीकडची, टोमणे मराठीत आणि कानडीत सारख्याच सफाईने मारायची. मालकांनी नवा काउंटर करायला सांगितला: खाली स्टीलचा सांगाडा, वर सागवानी फळी.

सुतार अण्णांचं मराठी घराणं तीन पिढ्या इथलंच. टेप न काढताच त्यांनी विचारलं, "ह्याच्यामागं उभारणार कोण?"

"अक्का. पण ती लग्नाला गावी गेलीय."

"मग स्वल्प थांबू. फळी कोपराच्या चार बोटं खाली आली, की हात दुखत नाहीत. तिचं कोपर बघायला पाहिजे."

मला हसूच आलं. "अण्णा, काउंटर करताय की ब्लाउज शिवताय? माझंच कोपर घ्या."

त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "तुम्ही ताडमाड, सर. येऊ द्या की तिला."

"सोमवारी काउंटर हवाय."

"सरी, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि कोपरापाशी पेन्सिलीने रेघ मारली.

सांगाडा होसकोट्याहून टेम्पोने आला. अण्णांनी तो बोल्ट मारून जमिनीत पक्का केला, फळी बसवली. फळी अशी झाली होती की येता-जाता हात फिरवावा. सोमवारी अक्का मागे उभी राहिली, पेन उचललं आणि तिचे खांदे कानांना लागले.

"सर, तिकिटं लिहू की पोहू?"

तेवढ्यात मालक आले. "ये हाइट किसने रखी?"

"अण्णा की गलती है," मी म्हणालो. अण्णा दोन हातांच्या अंतरावरच उभे होते.

मालकांच्या जे. पी. नगरच्या ऑफिसचं फर्निचर अण्णांनाच मिळणार होतं. त्यासाठी त्यांनी लाकूडही बघून ठेवलं होतं. मालकांनी तिथल्या तिथे ते काम दुसऱ्याला द्यायला सांगितलं. अण्णांनी कानावरची पेन्सिल खिशात टाकली आणि निघून गेले.

आठवडाभर अक्का खोक्यावर उभी राहून तिकिटं लिहीत होती. खोकं करकरायचं. भिंतीवरची रेघ तशीच होती. एकदा तिने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "एवढं उंच कोपर आमच्या ऑफिसात कुणाचं बाई?"

शनिवारी अण्णा न बोलावता आले. बगलेत वीतभर उंचीचा लाकडी पाट, अक्काला उभं राहायला. "हात दुखत असतील तिचे," एवढंच म्हणाले आणि पाट काउंटरमागे सरकवला.

मी आत जाऊन मालकांना बाहेर घेऊन आलो. भिंतीशी उभा राहिलो आणि हात दुमडला. कोपर बरोबर रेघेवर आलं.

"साहब, ये मेरा माप है. अण्णा रुकने को बोल रहे थे. मैंने झूठ बोला. जे. पी. नगर का काम उनका है."

मालक माझ्याकडे बघत राहिले, मग अण्णांकडे. "तो उन्हीं को दो," म्हणाले.

मी अण्णांकडे वळलो. इतके दिवस घोकलेलं मोठं वाक्य आठवेना.

"अण्णा, तुम्ही थांबा म्हणालात, मी ऐकलं नाही. वर तुमचं नाव खराब केलं. मला माफ करा."