असल्फ्याची टेकडी आणि एक कुलूपबंद घर

मेट्रोतून दिसणाऱ्या असल्फ्याच्या रंगीत घरांचे फोटो काढायला लोक जातात. मी तिथे चोऱ्या मोजायला गेले. माझी भाची मेघना गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करते. पोलिसांपर्यंत न पोहोचलेल्या घरफोड्या हा तिचा विषय. तिला एकटीला पाठवायचं नव्हतं आणि निवृत्त मावशी फुकट मिळते.

अंधेरीहून मेट्रोच घ्या, रिक्षाच्या नादी लागू नका. पुढे चढण आणि वेड्यावाकड्या पायऱ्या. नाजूक चपला घरी ठेवा. वर वारा मात्र सुरेख.

नमुना निवडायची पद्धत सोपी: पहिलं घर चिठ्ठी टाकून, मग दर दहावं. शेवटच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू दारात लसूण सोलत होत्या.

"माझं लिहा ना! आमच्याकडची सुई नाही गेली कधी. मी हलतेच कुठे इथून?"

मेघनाने तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. म्हणाले, शेजारचं घर घे, उद्या काम हातात पाहिजे.

"घे की गं, भिंतीला भिंत आहे," मीही म्हटलं. पाय दुखत होते.

"मावशी, घर फुटतं कुणाचं? दिवसभर बंद असतं त्याचं. घरी सापडतील त्यांनाच विचारलं, तर मुंबईत चोरच नाहीत असं निघेल."

हे सरांना कळू नये? आमच्या शाळेतल्या नन्सनी असल्या कामाला छडी दिली असती.

खाली उतरून गरमागरम इडली खाल्ली (चटणी झकास, कॉफी मागू नका) आणि संध्याकाळी पुन्हा चढलो. कुलूप तसंच. काकूंनी बसायला स्टूल दिलं. दिवे लागल्यावर त्या घरातली सुनंदा आली. पवईला एका आजारी आजींना सांभाळते.

"चोरी? दोनदा झाली. आधी सिलिंडर, मग पोरीचा मोबाइल."

काकूंचे हात थांबले. "मला नाही बोललीस?"

"बोलून काय, तू आणून दिला असतास सिलिंडर?"

"तक्रार केलीत?" मेघनाने विचारलं.

"चौकीत दिवस जातो, ताई. तिकडे म्हातारीला कोण बघणार?"

पार्ल्याला घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले. टेकडीवरून शहर सुंदर दिसतं, जरूर जा. पण तिथली माणसं भेटायला हवी असतील, तर दिवेलागणीनंतर जा.

तेवढ्यात सरांचा फोन. "एका घरासाठी दोन फेऱ्या?"

"हो सर," मेघना शांतपणे म्हणाली. "त्या गल्लीत चोरी झालेलं तेवढंच घर सापडलं."

मी फोन मागितला. तिने दिला नाही.