पाण्यातला पत्रा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. ज्या मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मी खर्ड्यापासून भंडारदऱ्यापर्यंतचे डोंगर पालथे घातले, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि तेही शांत डोक्यानं नाही. संताप आलाय म्हणून सांगतोय.

संताप कशाचा? परवा संगमनेरच्या एका कॉलेजात गेलो होतो. मुलांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन होतं, आणि मी प्रमुख पाहुणा. एका मुलीनं डोंगराचा सुरेख फोटो लावला होता. मी बघताक्षणी ओळखलं — त्या डोंगरावर पवनचक्की आहे, हिनं कॉम्प्युटरवर ती पुसलीय. मग काय विचारता! माईक हातातच होता. भरल्या सभागृहात मी तिला सोलून काढली. ही निसर्गाशी बेइमानी आहे, मी तीस वर्षांत फोटोतली काडी इकडची तिकडे केलेली नाही — असं बरंच काही. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! एकालाही वाटलं नाही की ह्या म्हाताऱ्याला विचारावं, तुझं काय रे?

माझं काय ते सांगतो. नगरमध्ये दाताच्या डॉक्टरकडे, पतसंस्थेत, मंगल कार्यालयात माझे फोटो टांगलेले आहेत. लोक म्हणतात, किती स्वच्छ, कुठे माणसाचा मागमूस नाही. ह्या वाक्याची मला चीड येते. आमच्या जिल्ह्यात माणसाचा मागमूस नाही अशी जागा आहे तरी कुठे? जिथे हातभर ओल असेल तिथे कुणीतरी चूल मांडलेली असते. पण लोकांना ही आवड लावली कुणी? विजेच्या तारा टाळून, पाण्याच्या टाक्या टाळून, हातपंपाकडे पाठ करून कॅमेरा लावणारा मीच ना?

टाळण्यापर्यंत ठीक होतं, असं मी स्वतःला सांगत असे. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही — पण सांगतो.

खर्ड्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठावर मार्थाबाईंचं घर होतं. एकटंच, शेजार नाही. नवरा तलावाचा राखणदार होता, तो गेल्यावर त्या तिथेच राहिल्या. नाताळाच्या आधीचे दिवस होते. उजाडायच्या आत मी तिथे पोचलो, तर त्यांनी हाक मारून चहा दिला. सणासाठी घरावर नवे पत्रे टाकले होते, ते कौतुकानं दाखवले. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, माझं घर येईल नव्हं फोटूत?”

“येईल की मावशी,” मी म्हणालो.

समोरच्या बांधावरून फोटो काढला. आभाळ निरभ्र, पाणी आरशासारखं. घरी आल्यावर मोठा करून पाहिला, आणि माझं डोकंच फिरलं. नव्या पत्र्यावर ऊन पडून तो असा चमकत होता की नजर दुसरीकडे जाईना. मी कॉम्प्युटरवर शेजारच्या उतारावरचं गवत उचललं आणि घरावर पसरलं. पाऊण तासाचं काम. दारातलं सीताफळाचं झाड ठेवलं, कारण ते शोभत होतं. घर गेलं.

तो फोटो कॅलेंडरवर छापला गेला, गावोगाव पोचला, मला बक्षीस मिळालं. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं — घर पुसलं, पण पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब पुसायचं राहिलं होतं. तलावात एक पांढरी तिरीप, उलट्या पत्र्याची. बाकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

काही वर्षांनी तिथे व्ह्यू पॉईंट करायचं ठरलं. का, तर माझा फोटो बघून लोक यायला लागले होते! रेलिंग, बाकडी, गाड्या लावायला जागा. मार्थाबाईंना नोटीस आली. घर जुनं असेल तर दुसरीकडे जागा मिळणार होती. नवं असेल तर अतिक्रमण, मिळणार काही नाही. घरपट्टीच्या पावत्या वाळवीनं खाल्लेल्या. आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर पुरावा कोणता? माझं कॅलेंडर. ह्या फोटोत घर नाही, म्हणजे घर नंतरचं.

मार्थाबाई एसटीनं नगरला माझ्याकडे आल्या. मूळ फोटो मागत होत्या. मी म्हणालो, डिस्क खराब झाली, सगळं गेलं. डिस्क मागच्याच कपाटात होती. त्या चहाही न घेता गेल्या.

सुनावणीला मला बोलावलं. एका कॅलेंडरवरून कुणाचं घर होतं की नव्हतं ठरवणारा हा कसला कारभार? तिथल्या मेंढपाळांना विचारायला काय झालं होतं? त्या साहेबाला मी पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. सोयीचं होतं ते. कारण त्या खोलीत खरं काय ते माहीत असलेला, आणि ज्याचं ऐकून घेतलं गेलं असतं असा, मी एकटाच होतो.

मार्थाबाईंनी चष्मा लावला, कॅलेंडर जवळ ओढलं, आणि पाण्यावर बोट ठेवलं.

“ह्ये बघा सायेब. पान्यात हाय माझं घर. ह्यो माझा पत्रा.”

बाई अडाणी नव्हत्या, आंधळ्या तर नव्हत्याच. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते त्यांना दिसलं होतं. साहेब वाकले. मग माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही फोटोत कधी काही करत नाही, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. हे काय आहे?”

एवढं सोपं होतं. ‘पत्रा’ — एक शब्द. तो म्हटला की घर वाचलं असतं, निदान जागा मिळाली असती. आणि माझं नाव गेलं असतं. मी किती वेळ विचार केला असेन? फार नाही.

मी म्हणालो, “ढग आहे तो. ढगाचं प्रतिबिंब.”

मार्थाबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “त्या दिशी आभाळ कोरं हुतं की, भाऊ.”

साहेब हसले आणि कागदावर सही केली. वरचं आभाळ त्याच फोटोत होतं, निळंशार, टिपूसभर ढग नसलेलं. ते बघायचं कुणाला सुचलं नाही. घर पाडलं. मार्थाबाई लेकीकडे श्रीरामपूरला गेल्या आणि वर्षभरात तिथेच वारल्या. व्ह्यू पॉईंटच्या उद्घाटनाला मी होतो. शाल, श्रीफळ, भाषण. भाषणात मी प्रामाणिकपणावर बोललो.

तिथे आता माझा तोच फोटो मोठ्ठा करून लावलाय. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात. पाण्यातला पत्रा कुणालाही दिसेल इतका मोठा झालाय.

आणि एक राहिलं. परवा संगमनेरहून आल्यावर मूळ फोटो कपाटातून काढून पुन्हा मोठा करून पाहिला. घर आहे, झाड आहे. आणि दारात मार्थाबाई आहेत. नाताळासाठी ठेवलेलं नवं लुगडं नेसून, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात जुळवून सरळ उभ्या. मी बांधापर्यंत चालत जाईतो त्यांनी लुगडं बदललं असणार. हे मला परवा कळलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशीही त्या दिसल्या होत्या. गवत मी त्यांच्यावरही पसरलं.