मुका बोलला तो भाग

जुन्नर तालुक्यातला माणूस काहीतरी सांगायला बसला म्हणल्यावर तुमी मनात एक बिबट्या आणून ठेवला असल. उसातनं निघाला, कुत्रं उचललं, सगळा गाव काठ्या घेऊन गोळा झाला. तो काढून टाका. किल्लाबी काढा. ही ओतूरच्या पेठेतल्या एका गोडाऊनमधली गोष्ट हाय आन ती एका कार्टूनची हाय. कार्टून म्हणल्यावर हसायच्या तयारीत असाल, तर तेबी आताच सांगून ठेवतो. मी नकला करणारा पोरगा व्हतो. हेडसरांपासनं कंडक्टरपर्यंत कुणालाच सोडायचो नाय. पण हितं शेवटाला कुणी हसत नाय.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी नववीत व्हतो आन घरात केबल नवीनच आलती. रविवारी सकाळी दहाला हिंदीत ते कार्टून लागायचं. पाच जणांची टोळी आन आभाळातनं येणारी संकटं. त्यांची खरी नावं इंग्रजी व्हती, ती आमच्या तोंडात बसंनात, म्हणून आमी आमची ठेवली. हातातनं इस्तू, म्हंजी जाळ, काढणारा तो लोहार. कसलाबी आवाज पकडून उलटा फेकणारी पोरगी, ती भोंगा. उडणारा तो जाड्या. निम्मा माणूस निम्मी मशीन असलेला म्हातारा. आन पाचवा मुका. तोंडावर पत्र्याचा मुखवटा. एकाबी भागात एक शब्द बोलला नव्हता. तो फक्त हात वर करायचा आन समोरचं जे काय असल ते थांबायचं.

खरी मजा सोमवारी यायची. डिंगोऱ्याचं पोरगं आन पिंपरी पेंढारचं पोरगं एसटीनं यायचं. मी स्टँडवर उभाच असायचो. तिथनं शाळेपर्यंत चर्चा. भारनियमन असं व्हतं की कुणाच्याच घरात पूर्ण भाग दिसायचा नाय.

"जाड्या पडला तिथवर बघितला. मग लाईट गेली," डिंगोरेवाला म्हणायचा.

"आमच्याकडं लाईट आली तवा जाड्या हसत उभा व्हता," पेंढारवाला.

"मग मधी काय झालं?"

"ते ह्याला इचार. ह्यो पेठेत राहतो, ह्यांना लाईट हाय."

मग मी मधलं सांगायचो. नुसतं सांगायचो नाय, करून दाखवायचो. भोंग्याची किंकाळी, म्हाताऱ्याची खरखर, जाड्याच्या धापा. आन आमची लाईटबी गेलेली असली तर? तर मी माझ्या पदरचं घालायचो. त्या दोघांना ते कळायचं. डिंगोरेवाला म्हणायचा, "हे आत्ता तयार केलं ना, भाऊ?" आन तरी ऐकायचा.

एकाला मात्र ते कधीच कळलं नाय. माझा जवळचा दोस्त. पेठेतल्या किराणा-भुसार दुकानवाल्यांचा पोरगा, जैन. त्याचा पणजोबा राजस्थानातनं आलता म्हणं. पण ह्याचं बोलणं आमच्यासारखंच, 'व्हतं' आन 'नाय'. मी त्याला शेठ म्हणायचो. मी सांगन ते शेठला खरं वाटायचं. टिंगलीत म्हणलेलंबी.

त्याचं ठरलं व्हतं, दिवाळीनंतर पुण्याला काकाकडं राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. मे महिन्यात तो तिथं पंधरा दिवस राहून आलता. आल्यावर मला म्हणला, "लई बेकार हाय राव. बिल्डिंगची पोरं खाली जिन्यावर बसतात. मी तोंड उघडलं की माझ्यासारखं बोलून दाखवतात. 'व्हतं का? नव्हतं का?' करत्यात."

मी लगेच त्या पुण्याच्या पोरांची नक्कल केली. तो हसला नाय.

"पण एक दिवस कार्टूनची चर्चा निघाली. मला सगळे भाग पाठ, ओळीनं. त्यांना नाय. मग त्यांनी मला पायरीवर जागा दिली. म्हणले, दिवाळीनंतर ये, तवर पुढचं सगळं झालेलं असल, तू ओळीनं सांग. तिथं माझ्याकडं दुसरं काय नाय. ही एकच गोष्ट हाय."

हे मला ठाऊक व्हतं, एवढं ध्यानात ठेवा. पुढं मी जे केलं ते हे ठाऊक असून केलं.

आषाढात त्यांच्या स्थानकात, म्हंजी जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, चातुर्मासाला साध्वीजी आल्या. प्रवचन संपलं की प्रभावना मिळायची, म्हंजी कधी लाडू, कधी स्टीलची वाटी. मी जैन नसलो तरी रोज जाऊन बसायचो, लाडवासाठी. कुणी हाकललं नाय. एक दिवस साध्वीजींनी पोरांना इचारलं, चार महिने कोण काय सोडणार? कुणी बटाटा सोडला, कुणी रात्रीचं जेवण. मग त्या म्हणल्या, "टीव्ही कोण सोडेल?"

एकाचाबी हात वर नाय. माझ्या अंगात खाज. शेठ शेजारी मांडी घालून बसलेला. मी त्याचा हात मनगटाला धरला आन केला वर.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्याच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं, कौतुकाचं. साध्वीजींनी त्याला पच्चक्खाण दिलं, म्हंजी सगळ्यांसमोर नेम. ते घेतलं की घेतलं. मला वाटलं आता तो म्हणन, ह्यानं केलं, मी नाय. तो हात जोडून उभा राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हणलो, "अरं येड्या, सांगायचं ना!"

"आई रडत व्हती रे," तो म्हणला. "आता नाय म्हणता येत."

दिवाळीपर्यंतचे सगळे भाग गेले. मग त्यानंच वाट काढली. बघणं बंद हाय, ऐकणं नाय. दर रविवारी दुपारी मी त्यांच्या गोडाऊनमधी जायचो आन सकाळचा भाग करून दाखवायचो. पण दाखवायचो कुणाला? करून दाखवलेलंबी बघणंच झालं असलं तर, म्हणून तो माझ्याकडं पाठ करून बसायचा. समोर पेंडीची पोती आन हा पोत्यांकडं तोंड करून. मी त्याच्या पाठीपुढं पाचही जणांचे आवाज काढायचो. चार म्हणा. मुका काय बोलायचाच नाय. त्यानं हात वर केला की मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर एक टिचकी मारायचो. ती टिचकी वाजली की शेठची मान सरळ व्हायची. मुका त्याचा आवडता.

असे पंधरा-सोळा रविवार केले. मधी लाईट जायची तिथं मी माझं घालायचो. खरं सांगू का, मला वर्गातल्या हशापेक्षा ती पाठ आवडायला लागलती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी लई वाईट भाग लागला. चौघं अडकलेले आन मुका एकटा दार धरून उभा. चौघं बाहेर पडले, दार बंद झालं. मुका आत. संपलं. मी ते केलं तसं शेठ पोत्यांकडं बघतच म्हणला, "येतो ना तो?"

"पुढच्या भागात कळल. शेवटचाच हाय."

शेवटचा भाग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. सोमवारी पहाटंच्या गाडीनं शेठ पुण्याला निघणार व्हता. रविवारी मी साडेनऊपासनंच टीव्हीपुढं बसलो. दहा वाजता गाणं लागलं. पाच मिनटं झाली असतील, चौघं डोंगरावर बसल्याले, आन लाईट गेली. मी थांबलो. अकरा वाजले. पेठेतली डीपी जळाली व्हती.

सायकल काढली आन डिंगोऱ्याला गेलो. दोस्ताच्या घरी पोचलो तर अंगणात चपलाच चपला. भाऊबीजेला आलेल्या बहिणी, भावजी, त्यांची पोरं.

"बघितला का?" मी श्वास न घेता इचारलं.

"कशाचा बघतो! टीव्हीवर बायांनी पिच्चर लावलाय. मला बटनालाबी हात लावू दिला नाय."

"आता रं? शेठ उद्या चालला."

"पेंढारच्यानं बघितला असल."

पेंढार म्हंजी परत ओतूरवरनं पुढं तेवढंच. ऊन डोक्यावर. मांड्या भरून आलत्या. दिवाळीचा चिवडा खाऊन अंगात जडपणा. मी पायरीवर बसून राहिलो.

"तूच कर की काहीतरी," तो म्हणला. "न्हाईतरी निम्मं तुझंच असतंय. आमाला काय फरक पडला का कधी?"

हे त्यानं चांगल्या मनानं सांगितलं. मला तेवढंच पाहिजे व्हतं. मी पेंढारला गेलो नाय. तासाभराची सायकल. लई वेळा मोजलाय तो तास.

चारला गोडाऊनमधी गेलो. शेठ आधीच पाठ करून बसला व्हता. नवीन शर्ट, त्याची घडी अजून दिसत व्हती.

"पूर्ण बघितला ना? लाईट व्हती ना?"

"व्हती," मी म्हणलो. त्याच्या पाठीशी खोटं बोलणं लई सोपं गेलं.

आन मग मी असा भाग केला, असा केला, की तसा परत कधी जमला नाय. लोहार रडला. भोंगा डोंगरावरनं ओरडली आन तिचा आवाज सात दरवाजे ओलांडून गेला. मग मी टिचकी मारली, हळू. शेठची मान ताठ. मग दुसरी टिचकी. मग मी मुक्याला बोलवलं. त्याला कुठला आवाज द्यायचा हे मी ठरवलंच नव्हतं. सगळे आवाज संपल्याले, म्हणून माझाच निघाला, साधा.

"आलो रे," मुका म्हणला. "दार उघडा."

शेठ गर्रकन वळला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"बोलला? मुका बोलला?"

"बोलला."

"खरंच?"

"आईशप्पथ."

त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मग म्हणला, "आता बघ. आता त्यांना सांगतो."

दिवाळीची सुट्टी संपली. स्टँडवर पेंढारवाला उतरला. त्यानं पूर्ण बघितला व्हता.

"मुका नाय आला भाऊ," तो म्हणला. "दार उघडलं तर नुसता मुखवटा पडल्याला. मग ते चौघं घरी जात्यात आन चार ताटं वाढत्यात. संपलं."

मी त्याला म्हणलो, "हळू बोल." का म्हणलो काय म्हाईत. शेठ तर पुण्यात.

फोन करून सांगता आलं असतं. दुकानात जाऊन नंबर मागायचा, एवढंच. रोज ठरवायचो उद्या जाऊ. रविवारी दहाला आता त्या जागी कुस्त्या लागायला लागल्या. संक्रांत गेली. शेवटी एक दिवस दुकानापुढनं जाताना काकूंनी, म्हंजी शेठच्या आईनं, हाक मारली. त्या गल्ल्यावर बसल्या व्हत्या. दोन गिऱ्हाईकं उभी. मी सवयीनं तिथल्या हमालाची नक्कल करतच वर चढलो.

"पुरे," काकू म्हणल्या. "मला एक सांग. कार्टूनचं ते शेवटचं तू बघितलं व्हतं का?"

मी नकलेसाठी वाकवलेली पाठ सरळ केली.

"बघितलं व्हतं का?"

"नाय काकू. लाईट गेलती."

त्यांनी डोळे मिटले. मग सांगितलं. शेठनं पहिल्याच दिवशी जिन्यावर मुका बोलल्याचं सांगितलं. पोरं लोळून हसली. रोज 'आलो रे, दार उघडा' करायची, त्याच्याच बोलीत. तो म्हणायचा, माझ्या दोस्तानं बघितलंय, शप्पथ घेतलीय, तुमीच खोटं बोलताय. एवढ्या जणांनी सांगितलं तरी नाय मानला. मग एकाला मारलं. त्या पोराचा दात पडला. काकानं त्याचं खाली उतरणं बंद केलं. आता शाळेतनं येतो आन खोलीत बसतो, जेवायलाबी हाका माराव्या लागत्यात.

काकूंनी फोन फिरवला आन रिसिव्हर माझ्या हातात दिला. "सांग त्याला."

"शेठ," मी म्हणलो. "मी बघितला नव्हता. मनानं केलता."

मग तो म्हणला, "मग तो नाय आला?"

"नाय."

"मग मी त्यांच्याशी भांडलो ते?"

त्याला हसवावं म्हणून मी जाड्याचा आवाज काढला. थोडासाच. तिकडनं फोन ठेवल्याचा आवाज आला.

काकूंनी माझ्या हातातनं रिसिव्हर ओढून घेतला. गिऱ्हाईकं बघत व्हती, त्यांची त्यांना फिकीर नव्हती.

"आत्ता? आत्तासुद्धा आवाज काढलास तू? लाज कशी नाय वाटली रे? त्या दिवशी स्थानकात त्याचा हात वर कुणी केला ते मला कळलं नाय असं वाटतं का तुला? मी बघत व्हते. तरी गप्प बसले, म्हणलं पोराच्या हातनं चांगलं व्हतंय तर व्हऊ दे. माझीबी चूक झाली ती. पण त्यानं चार महिने नेम पाळला, आन तुला एक दिवस खरं बोलता आलं नाय. नाय बघितला म्हणून सांगितलं असतंस तर तिथं जाऊन तो म्हणला असता, मीबी नाय बघितला, तुमी सांगा. कुणीतरी सांगितलं असतं की त्याला! बसला असता ऐकत. आता कोण सांगणार? आन तो ऐकणार कुणाचं? नको, तोंड उघडू नको. माफीबी मागू नको, तीसुद्धा कुणाच्यातरी आवाजात मागशील. चल, उतर खाली."