साहेबांची परवानगी

सज्जनपणाने माणसाला छळायचे जेवढे म्हणून मार्ग या जगात आहेत, तेवढे सगळे आमच्या भूलवाल्या डॉक्टरांना ठाऊक होते. ते कधी ओरडले नाहीत, कधी खोटं बोलले नाहीत, वेळेवर यायचे, चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायचे. अशा माणसावर रागावायची काही सोय नसते, आणि मला तर त्यांचा दिवसाआड संताप यायचा.

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत माझं छोटं नर्सिंग होम होतं. मी सर्जन. भूल देणारे डॉक्टर तेव्हा काळी बॅग घेऊन स्कूटरवरून ठाणे-कल्याण-डोंबिवली असे दिवसभर फिरायचे. बाकीचे यायचे, नाडी बघायचे, रिपोर्टवर नजर टाकायचे आणि कामाला लागायचे. हे मात्र आले की आधी लिव्हर! हर्निया असो, हाड मोडलेलं असो, नाहीतर नुसतं गळू असो, यांचा हात पेशंटच्या उजव्या बरगडीखाली गेलाच. लिव्हरला ते ‘साहेब’ म्हणायचे. “साहेबांची परवानगी घेतलीत का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. माझा पारा तिथेच चढायचा. “अहो, हृदयाचं विचारा, फुप्फुसांचं विचारा,” असं म्हटलं की म्हणायचे, “हृदय सारखं धडधड करून आपण काम करतोय हे सांगत असतं. साहेब बोलत नाहीत. बोलायला लागले, तर उशीर झालेला असतो. झोपवतो मी, पण माझं औषध निस्तरून माणसाला उठवायचं, ते साहेबांनी.”

ट्यूबलाइटखाली डोळ्यांतला पिवळेपणा कळत नाही, ही त्यांची आणखी एक श्रद्धा. त्यामुळे टेबलावर निजलेल्या माणसाला उठवून, पाठीमागून उघड्या असणाऱ्या त्या हिरव्या झग्यातच, ते त्याला इमारतीच्या गच्चीवर न्यायचे आणि उन्हात उभं करून त्याच्या पापण्या खाली ओढायचे. गच्चीवर बिऱ्हाडकरू बायका पापड वाळत घालत असायच्या. एका भिडस्त बँकवाल्याने त्या धसक्याने ऑपरेशनच पुढे ढकललं. लग्नाला गेले तर तिथेही तेच. एकदा तर मांडवात नवऱ्या मुलाला अक्षता टाकायच्या आधी त्यांनी उजेडाकडे तोंड करायला लावलं होतं. मुलीच्या बापाचा चेहरा मला अजून आठवतो.

दारूच्या बाबतीत त्यांचा हिशेब ठरलेला. “पेशंट सांगेल त्याच्या दुप्पट आणि बायको सांगेल त्याच्या निम्मी.” एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी सगळ्या गोतावळ्यासमोर विचारलं, “सर, रोज किती घेता?” मास्तर ताडकन उठून बसले. शाळेच्या सत्तावीस बॅचेस तिथे असत्या तर तेवढ्या त्यांनी साक्षीला उभ्या केल्या असत्या. डॉक्टरांनी शांतपणे सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाले, “औषध जास्त काढून ठेवतो.” खरोखरच मास्तर झोपता झोपेनात.

पण या सगळ्यावर कडी झाली ती माझ्या मेहुण्याच्या वेळी.

माझी सासुरवाडी ठाण्याजवळ खाडीकाठच्या बाळकुमची. मेहुणा कोलशेतच्या एका कंपनीत फिटर होता आणि त्याला आखाती देशात नोकरी लागली होती. सगळं ठरलं होतं, फक्त वैद्यकीय तपासणीत हर्निया निघाला. ऑपरेशन करून तंदुरुस्त होऊन जायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरचं ऑपरेशन, तेही हर्नियाचं. मला काही विशेष वाटलं नव्हतं.

डॉक्टर आले. बरगडीखाली हात गेला, मेहुणा जरासा कळवळला. “मासे खाता?”

“एरवी रोज. सध्या नको वाटतात. वास आला तरी मळमळतं.”

“बाळकुमचा माणूस, आणि मासे नको?” डॉक्टर म्हणाले. “चला वर.”

गच्चीवरून खाली आल्यावर त्यांनी बॅग उघडलीच नाही. “साहेब रजेवर आहेत. आज नाही.”

मग हळूहळू उलगडा झाला. मेहुण्याला महिन्यापूर्वी ताप येऊन डोळे पिवळे झाले होते. सासूबाई त्याला कोलशेत गावातल्या एका म्हातारीकडे घेऊन गेल्या. ती काविळीची माळ घालते. दोऱ्यात काड्या बांधलेली इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची, ती रोज वाढत जाते, गळ्यात येते, पोटावर येते, आणि पायांतून खाली उतरली की कावीळ उतरली. याची उतरली होती. “उतरली म्हणजे गेली ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही डॉक्टर लोक हसता.”

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, गॅस नको, कमरेत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करा. ते म्हणाले, “रक्त गोठवायचं सामान कोण पुरवतं? साहेबच. आणि भूल कसलीही द्या, कापाकापीचा धक्का त्यांनाच सोसायचा.” मी म्हटलं, मी कल्याणहून दुसरा माणूस बोलावतो. “बोलवा. त्यालाही गच्ची दाखवतो,” असं म्हणून ते जिन्यात खुर्ची टाकून बसले.

मेहुणा झग्यातच बाहेर आला. “डॉक्टर, माझी नोकरी जाईल ओ!”

“जाईल,” डॉक्टर म्हणाले. बस, एवढंच. दोन गोड शब्द बोलावेत, तर तेही नाही!

नोकरी गेली. आठवड्याच्या आत मेहुणा हळदीसारखा पिवळा झाला, ग्लानीत जाऊ लागला, माणसं ओळखेना. काही दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. त्या ग्लानीत त्याच्या पोटावर ताजी जखम असती तर काय झालं असतं, ते मला डॉक्टर म्हणून नीट माहीत होतं, आणि भाऊजी म्हणून त्याचा विचार करवत नव्हता. भूलवाल्यांना या दुखण्यात काहीच काम नव्हतं. तरी ते रोज सकाळी यायचे, खाटेशी बसून मोसंबी सोलायचे. मेहुणा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला असेल? “याला कुठून आणलेला तुम्ही, भाऊजी? माझं वाटोळं केलं याने.” डॉक्टरांनी त्याच्या तोंडात फोड घातली.

पुढे सावकाश त्याचं ऑपरेशन झालं, भूल यांनीच दिली. परदेश काही घडला नाही. मेहुण्याने घोडबंदर रोडला वेल्डिंगचं दुकान टाकलं, बरं चालवलं, आणि आयुष्यभर दिसेल त्याला सांगत राहिला की एका भूलवाल्याने माझं दुबई बुडवलं. एकदा मी त्याच्या वतीने डॉक्टरांची माफी मागायला गेलो, तर त्यांचा चेहरा खुलला. “अहो, राहू दे. तुमच्याकडे पेशंट पेढे घेऊन येतात. मला कोण ओळखतं? माझ्या कामाच्या वेळी सगळे झोपलेले. माझ्या नावाने बोलणारा हा एकटाच. आणि शिव्या द्यायला माणूस जागा लागतो.”

पंचाण्णवच्या सुमारास ते गेले. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी आम्ही सर्जन मंडळी जमलो होतो, नर्सेस होत्या, नातेवाईक होते. पेशंट कोणी येणार नव्हतेच, त्यांना कळवणार कोण आणि त्यांना तरी काय आठवणार? तिरडी उचलायच्या वेळी दुकानाच्या काळ्या पडलेल्या कपड्यांतच मेहुणा धापा टाकत आला. त्याने कोणालाही न विचारता खांदा दिला आणि रस्त्याच्या वळणापर्यंत कोणाला बदलू दिला नाही. परतताना माझ्या शेजारून चालत होता. “लय पिडलं या माणसाने मला, भाऊजी,” म्हणाला, आणि कळकट बाहीने त्याने डोळे पुसले.