काकूंचं तयार उत्तर

टायपिस्टकाकूंनी निवृत्त होताना कचेरीतली खुर्ची सोडली, वेग मात्र घरी आणला. साहेबांचं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत काकूंच्या कागदावर पूर्णविराम पडलेला असे. नवरा गेला, तेव्हा त्याचा हौशी रेडिओ त्यांनी झाकून ठेवला नाही. परीक्षा दिली, परवाना काढला आणि संगणकाला जोडलेल्या त्या यंत्रापुढे रोज सकाळी बसू लागल्या. इथे टाइप केलेलं हवेतून जाऊन दूरच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटायचं.

पलीकडे असायचे मास्तर, नवऱ्याचे जुने रेडिओमित्र. प्रत्यक्ष भेट कधीच नाही, पण एकमेकांना हाक वहिनी-भावजी अशीच. मास्तर एका बोटाने टाइप करायचे. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं. काकूंना कुठला एवढा धीर! मास्तरांचं चालू असतानाच त्या खालच्या चौकटीत उत्तर लिहून ठेवायच्या आणि पडद्यावर 'ओव्हर', म्हणजे 'माझं संपलं, आता तुम्ही', उमटलं रे उमटलं की बटण दाबायच्या.

"आई, समोरच्याचं पुरतं वाचत तरी जा," सून म्हणायची.

"वाचायचंय काय त्यात? हवा, गुडघे आणि अँटेना. पाठ झालंय मला."

त्या सकाळी मास्तरांनी हवेपासूनच सुरुवात केली. काकूंनी उत्तर लिहून ठेवलं, गॅसवरचं दूध बघून आल्या आणि 'ओव्हर' दिसताच बटण दाबलं. "वा, छान! अशीच मजा करा," निघालं. मग त्यांची नजर वर गेली. हवेच्या मजकुराखाली ओळ होती: "हिला दवाखान्यात ठेवलंय. शुद्ध नाही. घर खायला उठतं."

थांबवायचं बटण सापडेपर्यंत सगळं पोचलं होतं. त्यांनी घाईघाईने माफी मागितली, पण पलीकडे सामसूम. दुसऱ्या दिवशीही तेच. फोन नंबर कधी घेतलाच नव्हता. रोज भेटणाऱ्याचा घेतो कोण?

"मेला माझा वेग!" काकू सुनेला म्हणाल्या. "त्यांना वाटलं असेल, मी थट्टा केली."

"हाक मारत राहा. तुम्हीच म्हणता ना, रेडिओवाला रुसला तरी ऐकणं सोडत नाही."

काकू रोज हाक मारत राहिल्या. मग एका सकाळी त्यांनी लिहिलं, "भावजी, आज माझं उत्तर तयार नाही. तुम्ही सांगा. ओव्हर." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बऱ्याच वेळाने 'व' उमटला. मग सावकाश 'वहिनी'. मग 'हिने', आणि पुढे काहीच नाही.

"गेले वाटतं," सून म्हणाली.

"गेले नाहीत गं. अक्षर शोधतायत."

'डोळे' आलं. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास सुटला. सून धावली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

'उघडले.'

काकूंचे डोळे भरून आले. पण 'ओव्हर' अजून आलं नव्हतं. हात मांडीवरच होते.