वेताळाच्या डोक्यावरचा पत्रा

थंड मुलखात खेळाच्या मैदानावर छप्पर घालावं की घालू नये, यावर परदेशात म्हणे मोठे वाद होतात. मंचरच्या एका हॉटेलात मिसळ खाताना मी ते टीव्हीवर पाहिलं. बाहेर बर्फ, आत दिव्यांचा लखलखाट, बेसबॉल नावाचा कुठलासा खेळ चाललेला आणि माणसं नुसत्या शर्टावर बसलेली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "बघा राव, याला म्हणतात सोय." मी पाव रश्श्यात बुडवला. मैदानावर छप्पर घातल्यावर काय होतं हे त्या टीव्हीवाल्यांपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी जुनी घमेंड आहे, आणि ते कळणं मला फार महागात पडलेलं आहे.

आमचं गाव डिंगोऱ्याच्या अलीकडे, नदीला लागून. गावात दोनच गोष्टींचं वेड, भजन आणि कबड्डी. भजन देवळात, कबड्डी नदीकडच्या मैदानात. नव्वदीची सुरुवात होती, मी कॉलेजात जायचो आणि चढाईला मी बरा होतो. बरा म्हणजे गावात माझ्याबद्दल बोललं जायचं इतका. सामने असायचे पौषात, म्हणजे नेमके ऐन थंडीत. नदीवरून धुकं उठायचं ते दहा वाजेपर्यंत हलायचं नाही. दहिवराने माती अशी निसरडी व्हायची की पाय रोवायचा तिथे घसरायचा. एकदा घोडेगावकडचा एक संघ आला होता. त्यांच्या गड्याने आमच्यातल्या कुणाला तरी शिवलं, पण कुणाला शिवलं हे धुक्यात त्यालाही सांगता येईना, पंचालाही दिसेना. अर्धा तास भांडण झालं आणि पाहुणे चहासुद्धा न घेता निघून गेले. गावाची फार लाज गेली. त्या दिवसापासून मैदानाला छप्पर पाहिजे ही बोलणी सुरू झाली.

जुनी मंडळी विरुद्ध होती. ज्याला थंडी वाजते त्याने घरात गोट्या खेळाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पण खरी अडचण थंडीची नव्हती, वेताळाची होती. मैदानाच्या कोपऱ्यात, मागच्या रेषेपासून हातभर अंतरावर शेंदूर फासलेला एक उभा धोंडा होता आणि त्याच्याभोवती लहान धोंड्यांचं कोंडाळं. तो वेताळ आणि ते त्याचं सैन्य. चढाईला जाण्याआधी आम्ही त्याला हात लावून जायचो. आणि वेताळाला छप्पर चालत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. त्याला आभाळ लागतं. कुणीतरी कधीतरी गवताचं छप्पर घातलं, ते दुसऱ्या दिवशी नदीपल्याड सापडलं आणि घालणाराही फार दिवस जगला नाही, अशी गोष्ट प्रत्येक गावात असते तशी आमच्याही गावात होती.

वेताळाला दर अमावास्येला तेल-शेंदूर घालायचं काम एका म्हातारबाबांकडे होतं. तरुणपणी ते पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे चढाईवाले. तोड त्यांनीच काढली. सगळ्या मैदानावर घाला छप्पर, म्हणाले, पण देवाच्या डोक्यावरचा एक पत्रा सोडा. त्याला त्याचं आभाळ, तुम्हाला तुमची सावली. सगळ्यांना पटलं.

छप्पर माझ्या वडिलांनी घातलं. वारूळवाडीला त्यांचं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप होतं. लोखंडी अँगलच्या कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, त्यांनी स्वतः जोडले, वर पत्रे ठोकले आणि वारा लागू नये म्हणून तीन बाजूही पत्र्यांनी बंद केल्या. वेताळाच्या डोक्यावर चौकोनी आभाळ सोडलं. वडील देव मानायचे नाहीत असं नाही, पण मापात मानायचे. सोडलेल्या पत्र्याबद्दल मात्र ते कुरकुरले होते. काम अपुरं ठेवायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्याच पौषात त्या चौकोनातून धुकं आत उतरायला लागलं. धूर चुलीतून वर जातो, हे वरून खाली यायचं, सावकाश, आणि वेताळाभोवती उभं राहायचं. बाकी मैदान कोरडं ठणठणीत आणि तेवढी एक जागा ओली. पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी मी चढाईला त्या कोपऱ्यापर्यंत गेलो, मागे वळलो आणि माझा पाय त्या ओलीवर गेला. गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. जिल्ह्याची निवड आठ दिवसांवर होती. मी एकोणीस वर्षांचा घोडा, आईच्या मांडीत डोकं खुपसून रडलो. वडील दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते शिडी आणि एक नवा कोरा पत्रा घेऊन मैदानात गेले. मी लंगडत मागे गेलो. बातमी आमच्या पुढे पोचली होती. निम्मं गाव उभं होतं, पण कुणी अडवलं नाही. नुसता पत्र्यावर हातोडीचा आवाज. अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. वडील खाली उतरले, हात झटकले. म्हातारबाबा पुढे झाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी वर पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं.

"घातलास? बरं. आता तुझं तू संभाळ," म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर काहीच झालं नाही.

हे मी आज सहज लिहितो आहे, पण काहीच न होणं किती भयंकर असतं ते आम्हालाच ठाऊक. पहिले आठ दिवस लोक येता-जाता घरात डोकावत. मग महिनाभर. वडिलांना साधी शिंक आली तरी समोरच्या ओट्यावरची माणसं बोलायची थांबत. कुणी वाईट बोलत नव्हतं. उलट सगळे फार गोड वागायला लागले. लग्नात वडिलांना पंगतीत पहिलं पान मिळायचं, पण त्यांच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहायचं. मोटरसायकलवर त्यांच्या मागे बसायला कुणी तयार होईना. वर्कशॉपमधल्या गड्यांनी त्यांची शिडी धरायचं सोडलं. जे यायचं आहे ते येईल तेव्हा आपण जवळ नसावं, एवढीच सगळ्यांची इच्छा. त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणवत नाही.

दर अमावास्येच्या सकाळी म्हातारबाबा तेल घालून आमच्या दारावरून जायचे. क्षणभर थांबायचे, वडील दिसले की मान हलवून पुढे जायचे. काही महिन्यांनी वडील अमावास्येला लवकर उठून, अंघोळ करून, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायला लागले. दिसावं म्हणून. मला आधी हसू यायचं. मग ते येईनासं झालं.

पुढच्या थंडीत आणखी एक झालं. पहाटे छपराखाली पाऊस पडायला लागला. बाहेर नुसतं धुकं आणि आत सगळ्या पत्र्यांना घाम फुटून टपटप थेंब. जे दहिवर बाहेर ठेवायला छप्पर घातलं तेच आत येऊन बसलं. सामने बंद पडले. लोक तिथे जाईनात. थंडी वाढली की आकसणारे पत्रे टक्‌टक् वाजत आणि गावातली माणसं म्हणत, मोजतोय. काय मोजतोय, ते कुणी सांगत नसे.

एका सकाळी वडील मला घेऊन तिथे गेले. आत अंधुक होतं, थेंबांचा आवाज चारी बाजूंनी येत होता. त्यांनी मला शांतपणे समजावलं. रात्रीची हवा ओलसर, पत्रा गार, तीन बाजू बंद, हवा कोंडते, तिचं पाणी होतं. आधी त्या चौकोनातून ती वर निघून जायची. "एक पत्रा काढला की थांबंल," म्हणाले. म्हणजे त्यांना कळलं होतं. गावाचा देव खरा असो नसो, त्यांचं काम चुकलं होतं.

मग मी वेताळाकडे पाहिलं. मैदानभर थेंब पडत होते, आमच्या डोक्यावर, खांद्यावर, आणि त्या धोंड्यावर एक थेंब नव्हता. त्याच्याभोवतीच्या कोंडाळ्यावरही नव्हता. माती तिथे भुरभुरीत कोरडी. मी वडिलांना दाखवलं. "तो पत्रा नवा..." त्यांनी सुरुवात केली आणि बोलायचं थांबले. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारे माझे वडील बराच वेळ वर बघत राहिले. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. लहानपणानंतर प्रथमच मी त्यांचा हात धरला होता.

घरी आल्यावर आई म्हणाली, चुकलंच आहे तर काढून टाका की. मीही म्हणालो. सगळं माझ्या गुडघ्यापायी झालं होतं आणि तो गुडघा तोवर बरा होऊन गेला होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं. वडिलांनी जेवण पुरं केलं, ताटात हात धुतला आणि मगच बोलले.

"काढला आन् जगलो, तर म्हणतील काढला म्हणून वाचला. न्हाई काढला आन् मेलो, तर म्हणतील न्हाई काढला म्हणून मेला. कसंबी त्याचंच खरं व्हतंय. मंग राहू दे की हाय तसं."

पत्रा राहिला.

वर्षं गेली. मला मंचरला नोकरी लागली, लग्न झालं, मी तिकडेच राहिलो. तिथेही एकदा चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने गाव विचारलं. सांगितल्यावर जरा जवळ सरकून म्हणाला, "ते पत्रावाले... हायेत का अजून?" हायेत म्हणालो. त्याने हळहळल्यासारखी मान हलवली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, पण भांडणार कशावर? त्याने तब्येतच तर विचारली होती.

म्हातारबाबा आधी गेले. वडिलांनी त्यांना खांदा दिला. स्मशानात सगळे वडिलांकडे असे बघत होते, जणू टपालवाल्याने पाकीट चुकीच्या घरात टाकलं. वडीलही खाली मान घालून उभे होते. त्यानंतर त्यांनी मोटरसायकल विकली. शिडीवर चढणं सोडलं. गॅसचं बटण रात्रीतून दोनदा उठून बघू लागले. दुपारी आडवं व्हायचं तरी आधी दार लोटून घ्यायचे. विहिरीच्या काठाने जायचे नाहीत, लांबून वळसा घालायचे. देव मापात मानणारा माणूस, पण आम्ही सगळे वाट बघत होतो, आणि एका घरात राहून त्यांनी एकट्याने किती दिवस वाट बघायची नाही? मी सुटीला गेलो की ओट्यावर बसलेले दिसायचे. आता अमावास्येपुरते नाही, रोज.

पत्रा घातल्याला अकरा वर्षं झाली त्या उन्हाळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दुपारचं जेवण करून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. असं मरण लोक मागून घेतात.

दहाव्याला सगळं गाव लोटलं होतं. आणि मला दिसलं की गाव मोकळं झालंय. माणसं आमच्या ओट्यावर खेटून बसली, आमच्या घरचं पाणी मागून प्यायली. एक म्हातारा नातवाला समजावत होता, "अकरा वर्षं थांबला रं, पन सोडलं न्हाई." त्याच्या आवाजात समाधान होतं. मला उठून ओरडावंसं वाटलं, की एकाहत्तर वर्षांची माणसं मरतात, ज्यांनी आयुष्यात पत्र्याला हात लावला नाही तीही मरतात. मी उठलो नाही. मला तो अधिकार राहिलेला नव्हता.

ते का, हे मी त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आईला सांगितलं. ती परात घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, आई, तुझा फोन आला, तू म्हणालीस हे गेले, तेव्हा मला रडू नंतर आलं. आधी मनात आलं, झालं एकदाचं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. गावासारखीच मीही त्यांच्या मरणाची वाट बघत होतो, आणि तेही, ज्याच्यासाठी त्यांनी पत्रा घातला तो मी.

ती ओरडेल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. तिने एक खडा काढून बाजूला ठेवला.

"त्यांनाबी तसंच वाटलं आसंल," ती म्हणाली. "त्या दुपारी झोपताना त्यांनी पयल्यांदाच दार लोटून घेतलं न्हाई."

मग तिने परात जरा माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघं तांदूळ निवडत बसलो.